इलेक्ट्रिक सुपरचार्जर बसवला तर चोर्ला घाटात गाडी ओढेल का?

खानापूर भागातून आलेला प्रश्न असा: १.२ लिटरची साधी पेट्रोल हॅचबॅक आहे, टर्बो (एग्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) नाही. पाच माणसं आणि डिकी भरून सामान घेऊन गोव्याहून चोर्ल्यामार्गे परत येताना गाडी दम टाकते, एसी लावला की तर उठतच नाही. ऑनलाइन दोन-अडीच हजारांत ‘इलेक्ट्रिक टर्बो’ मिळतो, तो बसवावा का? आणि तो बोगस असेल, तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून ई-स्कूटरची मोटर वापरून खरा सुपरचार्जर (मोटरनं किंवा पट्ट्यानं फिरणारा, हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर) करून घेता येईल का?

पहिल्याचं उत्तर सरळ नाही असं आहे. तो पंखा उपयोगाचा तर नाहीच, उलट इंजिनाचा श्वास थोडा अडवतो. दुसरी गोष्ट शास्त्राला धरून आहे, मोठ्या कंपन्यांनी ती करून दाखवली आहे. पण ती काही सेकंदांच्या धक्क्यासाठी असते, अर्धा तास चाललेल्या चढणीसाठी नाही. कारण आकड्यांत आहे, म्हणून हिशेब पूर्ण मांडतो.

चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या सीसीइतकी हवा घेतं. १.२ लिटरला ६,००० आरपीएमवर मिनिटाला ३,६०० लिटर, म्हणजे सेकंदाला ६० लिटर. फिल्टर, थ्रॉटल आणि व्हॉल्व्ह यांचा अडथळा धरला तर प्रत्यक्षात त्यातली ८५ टक्के, सुमारे ५१ लिटर आत जाते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे. इथं हवेचा दाब १०१ नसून ९२-९३ किलोपास्कल असतो, आणि २५ अंशांना एक घनमीटर हवेचं वजन १.०८ किलो भरतं. म्हणजे इंजिन सेकंदाला सुमारे ५५ ग्रॅम हवा घेतं. पेट्रोल इंजिनासाठी एक ढोबळ पण भरवशाचा हिशेब लक्षात ठेवा: सेकंदाला एक ग्रॅम हवा म्हणजे जवळपास एक किलोवॅट ताकद. ५५ ग्रॅमला ५५ किलोवॅट, म्हणजे ७३-७४ हॉर्सपॉवर. ताकद वाढवायची तर हवेचे ग्रॅम वाढवायचे आणि त्या प्रमाणात पेट्रोल वाढवायचं. टर्बो, सुपरचार्जर, इलेक्ट्रिक, काहीही लावा, हा नियम तोच.

आता अडीच हजारांचा पंखा. असे पंखे १२ व्होल्टवर चार-पाच अँपिअर घेतात, म्हणजे ५०-६० वॅट. पंख्याची कार्यक्षमता ३० टक्के धरली तर हवेला मिळाले १५ ते १८ वॅट. ताकदीला प्रवाहानं भागलं की दाब मिळतो: १५ वॅट भागिले ०.०५ घनमीटर, म्हणजे ३०० पास्कल. वातावरणाच्या दाबाच्या तुलनेत ०.३ टक्के. डब्यावर ‘मिनिटाला इतके घनमीटर हवा’ असं छापलेलं असतं, ते पुढं काहीच अडथळा नसताना मोजलेलं असतं. घरातला टेबलफॅन याहून जास्त हवा हलवतो, पण त्यानं सायकलचं चाक भरत नाही. त्यात भर म्हणजे इंजिनाला पंख्याच्या क्षमतेपेक्षा जास्त हवा हवी असली की पंखाच वाटेतला अडसर होतो. इंजिनाची ओढ त्याच्या पात्यांना फिरवत असते, पंखा हवा ढकलत नसतो. काही ‘पॉवर किट’मध्ये तर पंखाही नसतो. हवेचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरच्या वायरीत एक रेझिस्टर घातलेला असतो. ईसीयूला, म्हणजे पेट्रोल किती द्यायचं ते ठरवणाऱ्या गाडीतल्या संगणकाला, हवा थंड वाटते, तो पेट्रोल वाढवतो, सुरुवातीला गाडी तरतरीत झाल्यासारखी वाटते आणि ॲव्हरेज पडतं.

कुणी पंखा आधीच घेतला असेल तर त्याची परीक्षा घरीच करता येते. साधा ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचा) घ्या आणि मोबाइलच्या ॲपवर मॅनिफोल्ड प्रेशरचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबाचा, आकडा लावा. चावी ऑन, इंजिन बंद असताना दिसतो तो बाहेरच्या हवेचा दाब. बेळगावात ९२ च्या आसपास दिसेल. मग मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण दाबून ४,००० ते ५,००० आरपीएमदरम्यानचा आकडा शेजारच्या माणसाला टिपायला सांगा. ८९-९० आला तर इंजिन व्यवस्थित श्वास घेतंय. पंखा बसवून तीच चाचणी घ्या. आकडा बाहेरच्या दाबाच्या वर गेला नाही तर बूस्ट (बाहेरच्यापेक्षा जास्तीचा दाब) नाही, विषय संपला.

डोंगल नसेल तर गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाईप दोन-तीन मीटर घ्या. इंग्रजी यू आकारात धरून अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा, एक टोक थ्रॉटलच्या आधीच्या रबरी डक्टला जोडा, दुसरं केबिनमध्ये मोकळं ठेवा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात १० सेंटिमीटर फरक म्हणजे एक किलोपास्कल, ढोबळमानानं एक टक्का हवा. डक्टकडचं पाणी वर चढलं तर ओढ आहे, खाली दबलं तर बूस्ट. चांगल्या फिल्टरमागे पूर्ण थ्रॉटलला १० ते २० सेंटिमीटरची ओढ दिसते. या पंख्याचे ३०० पास्कल म्हणजे पाण्याचे तीन सेंटिमीटर. फिल्टरमुळे पडणारी तूटसुद्धा तो भरून काढत नाही. एक काळजी घ्या: डक्टच्या टोकाजवळ मध्ये एक रिकामी बाटली जोडा, म्हणजे चुकून पाणी ओढलं गेलं तरी ते इंजिनात न जाता बाटलीत पडेल.

झाडांची पानं उडवायचा ६०० वॅटचा ब्लोअर इन्व्हर्टरवर लावण्याची कल्पनाही बऱ्याच जणांना सुचते. त्याचा हिशेब जरा बरा आहे. हवेला दोनशे वॅट मिळाले तर चार किलोपास्कल, म्हणजे चार टक्के. पण इन्व्हर्टरसकट तो बॅटरीतून ६० अँपिअर घेतो. ते अल्टरनेटरनं भरून द्यायचे तर इंजिनाच्या शाफ्टवरून एक किलोवॅटहून जास्त जातं. हातात उरतात दोन टक्के, आणि त्यासाठी बॉनेटखाली प्लॅस्टिकचा ब्लोअर, ज्याची मोटर त्या उष्णतेसाठी बनवलेलीच नाही.

मग खऱ्या बूस्टला किती वीज लागते? समजा ०.४ बार (४० किलोपास्कल) बूस्ट हवा, म्हणजे टर्बो गाड्यांच्या मानानं अगदी माफक. बाहेरच्या ०.९२५ बारवर दाबाचं गुणोत्तर १.४३ होतं, म्हणजे आतला दाब बाहेरच्या १.४३ पट. इतक्या दाबानं, दाबलेली हवा पुढं थोडी थंड केली तर, हवा ५५ ग्रॅमवरून साधारण ७३ ग्रॅमवर जाते. चांगल्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर दाबताना हवा ५० अंशांनी तापते, आणि त्या कामाला ३.७ किलोवॅट लागतात. मोटर आणि कंट्रोलरची तूट धरून बॅटरीतून ४.३ किलोवॅट. १२ व्होल्टवर हे होतात ३६० अँपिअर.

छोट्या गाडीचा अल्टरनेटर ७० ते ९० अँपिअरचा असतो. त्यातले ४०-५० हेडलाइट, रेडिएटरचा पंखा, एसीचा ब्लोअर, पेट्रोल पंप आणि ईसीयू यांतच जातात. ३६० अँपिअर म्हणजे स्टार्टर मोटरपेक्षाही जास्त, आणि स्टार्टर एखाद-दोन सेकंद फिरतो. ३५ अँपिअर-अवर बॅटरीचा आतला रोध ८ ते १० मिलिओहम असतो. तेवढ्यावरच तीन-साडेतीन व्होल्ट पडतात. वर कुणी १६ चौरस मिलिमीटरची केबल टाकली, तर जाऊन-येऊन चार मीटरमध्ये आणखी दीड व्होल्टच्या वर पडतो आणि केबलमध्येच सहाशे वॅट उष्णता तयार होते. कॉम्प्रेसरपर्यंत सात-साडेसात व्होल्ट पोहोचले तर त्याचा वेग साधारण साठ टक्क्यांवर येतो आणि बूस्ट निम्म्याहूनही कमी उरतो.

इथं एक गोष्ट गांभीर्यानं सांगतो. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे आणि तीव्र वळणावर ते स्वतःच मोठा करंट घेतं. बॅटरीचा व्होल्टेज नऊ-साडेनऊच्या खाली आपटला की स्टिअरिंगचा मदतनीस बंद पडतो, एबीएसचा दिवा लागतो. चोर्ल्याच्या वळणावर, समोरून ट्रक येत असताना, स्टिअरिंग अचानक जड होणं म्हणजे काय, ते त्या रस्त्यानं जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको. म्हणून गाडीच्या मूळ १२ व्होल्ट बॅटरीवर खरा सुपरचार्जर कधीच चालवू नये.

कंपन्यांनी हे केलं कसं? २०१६ च्या ऑडी एसक्यू७ डिझेलमध्ये चार लिटरच्या व्ही-८ इंजिनाला दोन टर्बो होतेच. त्यांच्या जोडीला ४८ व्होल्टचा, सात किलोवॅटपर्यंतचा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर दिला. तो पाव सेकंदात ७०,००० आरपीएमवर पोहोचतो. मर्सिडीजच्या एम२५६ या तीन लिटर पेट्रोल इंजिनातही ४८ व्होल्टचा असाच साहाय्यक कॉम्प्रेसर आहे. दोन्हीकडे वेगळी लिथियम बॅटरी, वेगळी वायरिंग. आणि दोन्हीकडे त्याचं काम एकच: टर्बोला एग्झॉस्टचा जोर मिळेपर्यंतची पोकळी भरणं. टर्बो जागा झाला की बायपास उघडतो आणि इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर बाजूला होतो. वरच्या आरपीएमची सगळी ताकद टर्बोचीच असते. ज्यांच्याकडे पैसा आणि प्रयोगशाळा दोन्ही आहेत, त्यांनीही विजेवर पूर्ण वेळ बूस्ट देण्याचा मार्ग धरला नाही, हे ध्यानात घ्या.

खालच्या आरपीएमला मात्र गणित सोपं होतं, आणि इलेक्ट्रिकची खरी जागा तीच आहे. २,००० आरपीएमला हवा एक-तृतीयांश लागते. दाबाचं गुणोत्तर १.३ ठेवलं तर वीज एक किलोवॅटच्या आसपास पुरते. वंटमुरी घाटात ट्रकमागे अडकलेली गाडी ओव्हरटेकसाठी उठवायची असेल, तर पाच-सहा सेकंद एवढा जोर मोलाचा आहे. पण तेच काम गिअर खाली टाकून फुकटात होतं. त्याकडे पुढं येतो.

तरीही उद्यमबागेत बनवायचाच असेल, तर काय लागेल ते नीट समजून घ्या.

ई-स्कूटरची मोटर इथं चालत नाही. चाकातली हब मोटर हजार आरपीएमच्या आत फिरते, मधली मोटर तीन ते सहा हजार. ५५ ते ६० मिलिमीटरच्या कॉम्प्रेसर चाकाला ०.४ बारसाठी ७०-८० हजार आरपीएम लागतात, म्हणजे पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला २३० मीटरच्या आसपास. पंधरापट वेग वाढवणारा पट्टा किंवा गिअर टिकत नाही. त्यामुळे थेट शाफ्टवर उच्चवेगी ब्रशलेस मोटर, तिला साजेसा कंट्रोलर आणि हायब्रिड सिरॅमिक (सिरॅमिक गोळ्यांचं) बेअरिंग, हे तीन भाग बाहेरून आणावेच लागतात. नेहमीचं ६०८ बेअरिंग यात घातलं तर ते निम्म्या वेगालाच आपली मर्यादा गाठतं.

उद्यमबागेतलं लेथकाम आणि ग्राइंडिंग उत्तम दर्जाचं आहे, त्याबद्दल शंका नाही. पण ८०,००० आरपीएमला प्रश्न मापाचा नसून बॅलन्सिंगचा असतो. चाकात एक ग्रॅम-मिलिमीटर एवढा असमतोल राहिला, तर सात किलोचा धक्का सेकंदाला १,३०० वेळा दिशा बदलत बेअरिंगवर बसतो. टर्बो दुरुस्त करणाऱ्यांकडे उच्चवेगी बॅलन्सिंग मशीन असतं. साध्या पुली-फ्लायव्हीलच्या मशीनवर हे काम होत नाही. चाक फुटलं तर तुकडे घरातून बाहेर येऊ नयेत एवढी जाड हाउसिंग हवी, आणि चाकाचा एकही तुकडा थ्रॉटलकडे जाता कामा नये.

बॅटरी ४८ व्होल्टची, लिथियम आयर्न फॉस्फेट, किमान २० अँपिअर-अवर आणि पाच-सहा सी, म्हणजे त्या आकड्याच्या पाच-सहा पट अँपिअर, करंट देणारी हवी. ४.३ किलोवॅटला ९० अँपिअर होतात. २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज. गाडीचे नेहमीचे ब्लेड फ्यूज ३२ व्होल्टपर्यंतचे असतात. ४८ व्होल्टवर ते वितळले तरी आतली ठिणगी विझेलच याची खात्री नसते. जास्त व्होल्टेजचा फ्यूज मुद्दाम मागून घ्या.

हवेच्या मार्गाची मांडणी अशी: फिल्टर, मग कॉम्प्रेसर, मग छोटा इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), मग थ्रॉटल. कॉम्प्रेसरला समांतर एकदिशा झडप हवीच. मोटर बंद असताना उभं चाक हवेचा रस्ता अडवतं. झडप नसेल तर नव्वद टक्के वेळ गाडी पूर्वीपेक्षाही मंद चालेल. फिल्टरच्या डब्याआधी कॉम्प्रेसर लावू नका, तो डबा आणि त्याच्या क्लिपा दाबासाठी नसतात. थ्रॉटलकडचा घडीचा रबरी डक्टही बदलावा लागतो, नाहीतर पहिल्याच बूस्टला तो निसटतो. मोटर कधी चालू व्हावी यासाठी चार अटी एकत्र ठेवा: थ्रॉटल ८० टक्क्यांवर, आरपीएम १,५०० च्या वर, ब्रेकवर पाय नाही आणि बॅटरीचा व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेत. मोटर कॉइलचं तापमान मोजणारा सेन्सर पाचवा.

या सगळ्यातून मिळणारी वाढ खरी आहे. ४.३ किलोवॅट वीज खर्चून इंजिन १३ ते १५ किलोवॅट जास्त देऊ शकतं. पण किती वेळ? वीस सेकंदांच्या धक्क्याला २४ वॅट-अवर लागतात, आणि २०० वॅटच्या चार्जरनं ते भरायला सात-आठ मिनिटं. ओव्हरटेकला हे पुरतं. गोव्याकडच्या पायथ्याच्या केरीपासून चोर्ल्यापर्यंतच्या चढणीत मात्र नुसती दहा मिनिटं पूर्ण बूस्ट घेतला तरी ०.७ किलोवॅट-अवर जातात, म्हणजे या बॅटरीचा तीन-चतुर्थांश साठा. तेव्हा गाडीत एका ई-स्कूटरची बॅटरी वाहून न्यायची, आणि ती घाटाच्या मध्यावर संपवायची. अल्टरनेटरवरच सतत चालवायचं म्हटलं तर शाफ्टवरून साडेसहा किलोवॅट घेणारा अल्टरनेटर लागेल, तेवढा पट्टाही लागेल. मग पट्ट्यावर थेट साधा सुपरचार्जरच का नको, असा प्रश्न उभा राहतो, आणि त्याला चांगलं उत्तर नाही.

याहून मोठी अडचण इंजिनाच्या आतली आहे, आणि बहुतेक प्रयोग तिथेच इंजिन गमावतात. टर्बो नसलेल्या आजच्या १.२ लिटर इंजिनांचं कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो तो आकडा) बहुतेकदा ११-१२ च्या आसपास असतं. कारखान्यातून टर्बो लावून आलेल्या मारुतीच्या एक लिटर बूस्टरजेटचं १० आहे. त्याचे पिस्टन, रिंगा, कूलिंग आणि तेलाचा मार्ग त्याच हिशेबानं केलेले असतात. १२ कॉम्प्रेशनवर ८० अंशांची तापलेली, दाबलेली हवा घातली की नॉकिंग (मिश्रण आपोआप धडाडून पेटणं) होणार. नॉक सेन्सरमुळे ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं जातं, म्हणजे मिळवलेली ताकद निम्मी परत जाते. आणि त्यालाही आवरलं नाही तर पिस्टनच्या दोन रिंगांमधला कडा तुटतो.

पेट्रोलचंही तसंच. पूर्ण लोडला मूळ इंजेक्टर त्यांच्या क्षमतेच्या बरेच जवळ चाललेले असतात. त्यात आता पंपावर मिळतं ते ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल), ज्यातलं इथेनॉल आपल्याच चिकोडी-अथणी पट्ट्यातल्या उसातूनही येतं. इथेनॉलला जास्त इंधन लागतं; तेवढीच हवा जाळायला ई-२० वजनानं साध्या पेट्रोलपेक्षा आठ-नऊ टक्के जास्त फवारावं लागतं, म्हणजे इंजेक्टरमधला शिल्लक वाव तिथेच खर्च झाला. ई-२० चा ऑक्टेन (नॉकिंग रोखण्याची क्षमता) जास्त आहे हा फायदा खरा, पण तो मॅपिंग (ईसीयूमधले पेट्रोल आणि ठिणगीचे तक्ते) बदलल्याशिवाय पूर्ण हाती येत नाही. शिवाय मूळ मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) वातावरणाच्या दाबाच्या थोडा वरपर्यंतच वाचतो. त्यापुढं बूस्ट किती आहे हे ईसीयूला कळतच नाही. तो १०५ किलोपास्कलचंच पेट्रोल देत राहतो आणि हवा जाते १३० ची. मिश्रण पातळ, एग्झॉस्ट तापतं, पिस्टनच्या डोक्याला भोक. म्हणून मोठा मॅप सेन्सर, मोठे इंजेक्टर, वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) आणि डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) केलेलं मॅपिंग, हा खर्च टाळता येत नाही. सुपरचार्जर त्यामानानं स्वस्त भाग आहे.

उंचीमुळे एक गमतीची शक्यता मात्र आपल्याकडे आहे. बेळगावात हवा ९२ किलोपास्कलची, आणि गाडीचा ईसीयू समुद्रसपाटीच्या १०१ पर्यंत व्यवस्थित मॅप केलेला असतो. या नऊ किलोपास्कलच्या वावात बूस्ट दिला तर इंजेक्टर, सेन्सर, पिस्टन यांतलं काहीच बदलावं लागत नाही. गाडी फक्त पणजीत चालते तशी बेळगावात चालते. त्याला वीज एक किलोवॅटपर्यंत लागते. कागदावर हे सुंदर आहे. पण प्रश्न चोर्ल्याचा आहे, आणि केरीला, घाटाच्या पायथ्याशी, तुम्ही जवळपास समुद्रसपाटीलाच असता. तिथं हा वाव शून्य असतो, हवा दमट आणि गरम. वाव मिळतो तो वर चोर्ला-कणकुंबीला, चढ संपत आल्यावर. काही ईसीयू चावी लावताना बाहेरचा दाब नोंदवून ठेवतात आणि मॅनिफोल्डचा दाब त्याहून वर गेला की फॉल्ट कोड देतात, तेही आहेच.

डिझेलवाल्यांसाठी दोन ओळी. टर्बो डिझेलला पंखा लावून काही होत नाही, त्याचा टर्बो त्या पंख्याच्या शंभरपट काम करतो. जुन्या, टर्बो नसलेल्या डिझेल जीपमध्ये हवा वाढली तरी पंप तेवढंच डिझेल देतो; काळा धूर कमी होईल, ताकद फारशी वाढणार नाही.

आता मूळ दुखण्याकडे. गाडी ९०० किलो, माणसं आणि सामान ४००, एकूण १,३०० किलो. आठ टक्के चढावर ताशी ४० किलोमीटरला चाकांना १३ किलोवॅट लागतात. बारा टक्क्यांच्या तुकड्यात जवळपास १९. त्या वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन १,९०० आरपीएमवर असतं आणि जेमतेम १९ किलोवॅट देतं, त्यातून एसी दोन ते चार घेतो. म्हणून गाडी ‘उठत नाही’. त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन २,८०० आरपीएमवर येतं आणि ३१ किलोवॅटच्या आसपास देतं. साठ टक्के वाढ, एक रुपया खर्च न करता. ॲव्हरेजच्या धास्तीनं आपल्याकडे अनेक जण चढावर आरपीएम वाढू देत नाहीत. या इंजिनांचा टॉर्क ४,००० च्या पुढं भरतो; चढावर ३,००० ते ४,५०० आरपीएम हे त्यांचं नेहमीचं कामाचं क्षेत्र आहे. उलट तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० ला थ्रॉटल दाबून रडवत नेण्यानंच नॉकिंग होतं.

दुसऱ्या गिअरमध्येही गाडी मंद वाटत असेल तर दोष शोधा. आधी क्लच: चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० ला पूर्ण थ्रॉटल द्या, आरपीएम उडी मारून वर गेला आणि वेग तिथेच राहिला तर प्लेट घसरतेय. मग कॉम्प्रेशन टेस्ट, गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. चार सिलिंडरमधला फरक एक बारच्या आत हवा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एग्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा डबा) चोंदल्याची शंका असेल तर पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथं प्रेशर गेज लावा. २,५०० आरपीएमला ०.२ बारच्या वर दाब दिसला तर अडथळा आहे. सर्व्हिसिंगनंतर हवा ओढणारा पुढचा पाइप ग्रिलपासून सुटलेला राहतो, हे फार आढळतं. मग इंजिन बॉनेटमधली तापलेली हवा घेतं, आणि दर दहा अंशांमागे तीन टक्के हवा कमी होते. तो पाइप क्लिपमध्ये परत बसवणं हे अडीच हजारांच्या पंख्यापेक्षा कितीतरी पट गुणकारी आहे. चारही चाकं जॅकवर उचलून हातानं फिरवून बघा, मागचा ब्रेक धरून राहिलेला नाही ना. सीएनजी किट असेल तर तो चढ पेट्रोलवर चढा. गॅस स्वतःच सिलिंडरमधली दहाएक टक्के जागा घेतो.

इतकं करूनही ताकद कमीच वाटत असेल, तर गाडी बदलताना टर्बो-पेट्रोल बघा. मारुतीच्या फ्रॉन्क्समध्ये दोन्ही इंजिनं मिळतात, म्हणून तुलना सोपी: १.२ लिटर साधं इंजिन ४,४०० आरपीएमला ११३ न्यूटन-मीटर देतं, एक लिटर टर्बो २,००० पासून ४,५०० पर्यंत १४७. ते टर्बो हमीसकट येतं आणि आरसीत नोंदलेलं असतं.

आरसीचा मुद्दा कायद्याचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. केए-२२ किंवा केए-२३ पासिंगची गाडी गोवा आणि महाराष्ट्र दोन्हीकडे ये-जा करते, तपासणी कुठल्याही बाजूला होऊ शकते. त्याहून जड पडतो तो विमा: अपघातानंतर सर्व्हेयरला बॉनेटखाली ४८ व्होल्टची घरगुती वायरिंग दिसली तर दावा अडकतो. फॅब्रिकेटरशी बोलणी पुढं नेण्याआधी ही गोष्ट विमा कंपनीकडे लेखी विचारून घ्या, आणि तोवर पुढच्या चोर्ला फेरीआधी क्लच आणि हवेचा पाइप तेवढे तपासून ठेवा.